मेन्यू नेमकं कशाला म्हणायचं?

वेबसाइटवरच्या मेन्यूची गोष्ट क्लिकपासून सुरू होते. नव्वदच्या दशकात ब्राउझरांमधलं भांडण दिशेचं होतं. क्लिकची खबर आधी पानातल्या बाहेरच्या घटकाला (समजा, यादीला) द्यायची की आतल्या (यादीतल्या पर्यायाला)? नेटस्केप बाहेरून आत यायचा, एक्स्प्लोरर आतून बाहेर. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या मानकाने दोघांचंही मन राखलं: आधी कॅप्चर (बाहेरून आत), मग बबलिंग (आतून बाहेर). मेन्यूवाल्यांच्या हे पथ्यावर पडलं, कारण प्रत्येक पर्यायाला वेगळा लिसनर (क्लिकची वाट पाहणारा कोड) न लावता यादीवर एकच लावून भागू लागलं. पुढे टचस्क्रीन आले आणि होव्हरवर, म्हणजे माउसचा बाण नुसता वर नेल्यावर, उघडणारे मेन्यू उघडे पडले; बोट स्क्रीनवर नुसतं तरंगत ठेवून काही कळत नाही.

खरा गुंता मात्र २०१४ चा. त्या वर्षी एरिया (ARIA) १.० हे, स्क्रीन रीडरसारख्या (पान वाचून दाखवणाऱ्या) साधनांना पानातले घटक ओळखता यावेत यासाठीचं मानक पक्कं झालं आणि त्यात 'मेन्यू' नावाचा रोल (घटक काय आहे हे सांगणारी खूण) होता. नाव ओळखीचं, म्हणून अनेकांनी तो साइटच्या वरच्या पट्टीला चिकटवला. पण त्या रोलचा अर्थ डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधल्या 'फाइल', 'एडिट'सारखा मेन्यू. त्यात ॲरो कीने पर्याय बदलतात, टॅब दाबला की मेन्यूच्या बाहेर पडायचं असतं. हा रोल दिसला की स्क्रीन रीडर बहुधा ॲरो की स्वतः न वापरता पानाच्या हवाली करतो. पानाने कीडाउनचा हँडलर (की दाबल्यावर चालणारा कोड) लिहिलेलाच नसेल तर? वापरणारा खाली, खाली दाबत राहतो आणि पहिल्याच पर्यायावर अडकून बसतो. रोल लावला नसता तर साध्या लिंका टॅबने सहज वाचता आल्या असत्या!

या रोलचे समर्थक म्हणतात, मोठ्या मेन्यूत चाळीस वेळा टॅब दाबण्यापेक्षा अख्ख्या मेन्यूला टॅबचा एकच थांबा बरा. मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण चाळीस लिंकांचा मेन्यू हीच आधी दुरुस्त करायची गोष्ट वाटते. एरियाच्या मार्गदर्शिकेत साइटच्या नॅव्हिगेशनसाठी दोन्ही पद्धतींचे नमुने आहेत. रोल न वापरणाऱ्या नमुन्यात बटणावर 'एरिया-एक्स्पांडेड' (यादी उघडी की मिटलेली हे सांगणारी खूण) आणि खाली लिंकांची यादी, एवढंच.

मेन्यू मिटवण्याचं त्रांगडंही जुनंच. माउसडाउन (माउसचं बटण दाबणं), मग ब्लर (आधीच्या घटकावरचा फोकस जाणं), मग क्लिक असा क्रम असल्याने ब्लरवर मेन्यू मिटवला की क्लिक पोचायच्या आत पर्यायच गायब. २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत असलेल्या पॉपओव्हर ॲट्रिब्यूटमुळे (घटक पानाच्या वर उघडणाऱ्या खुणेमुळे) बाहेर क्लिक केल्यावर किंवा एस्केप दाबल्यावर मिटणं ब्राउझर सांभाळतो. ॲरो कीचा कोड अजून आपणच लिहायचा.