मॅनेट आणि डीटीएन एकच नाही हो!

"डीटीएन म्हणजे जरा स्लो चालणारं मॅनेट." मॅनेट म्हणजे मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्क, डीटीएन म्हणजे डिले-टॉलरंट, उशीर चालवून घेणारं नेटवर्क. पण वरचं वाक्य प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये किती वेळा वाचलंय त्याची गणतीच नाही. कोण कुठून कॉपी करतं देव जाणे.

मॅनेट तुम्हाला माहीतच असेल. टॉवर नाही, फोनच एकमेकांची पॅकेट (डेटाचे तुकडे) पुढे ढकलतात, राउटिंगची, म्हणजे रस्ता काढायची पद्धत एओडीव्ही असेल तर गरज पडली की रस्ता शोधायचा, ओएलएसआर असेल तर आधीच काढून ठेवायचा. बास. नोड (नेटवर्कमधली उपकरणं) हलतात, बॅटरी संपते, रेंज जाते, हे दोन्हीकडे सारखंच, त्यावर पानं भरू नका.

खरी गोम वेळेत आहे. मॅनेटला पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत अख्खी साखळी एकाच वेळी जोडलेली लागते, तुटली की परत रस्ता शोधा, नाही सापडला तर पॅकेट गेलं. डीटीएनमध्ये ती साखळी कधीच पूर्ण झाली नाही तरी चालतं. समजा रोज सकाळी ८ ला अ आणि ब भेटतात, दुपारी २ ला ब आणि क. दिवसभरात असा एक क्षण नाही की अ ते क सलग रस्ता आहे, तरी निरोप पोचतो, कारण ब तो खिशात घेऊन फिरला. गावाकडे एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतात ना, तसं. आता क चं उत्तर बघा. ब ला लगेच दिलं तरी अ ची भेट उद्या सकाळी ८ ला. म्हणजे जायला ६ तास, यायला १८. कोण कोणाला भेटतं ते तेच, पण भेटींचा क्रम वेगळा म्हणून येण्याजाण्याचा हिशोबच वेगळा! टीसीपी (इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवायची नेहमीची पद्धत) इथे का आपटतं तेही मग कळतं, नुसता हँडशेक, म्हणजे सुरुवातीचा जा-ये-जा असा तीन निरोपांचा रामराम, पुरा व्हायलाच ३० तास, तोवर ते कधीच हात टेकून बसलेलं असतं.

यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "स्टोअर अँड फॉरवर्ड, म्हणजे साठवून पुढे देणं, तर साधा राउटरही करतो." करतो की, पण क्षणभर मेमरीत, आणि पुढे कोणाला द्यायचं ते माहीत असताना. इथे निरोप तासन्‌तास डिस्कवर पडून असतो आणि पुढचा माणूस अजून भेटलेलाच नसतो. डीटीएनच्या स्टोअर-कॅरी-फॉरवर्ड मधला 'कॅरी', म्हणजे घेऊन फिरणं, गिळू नका प्लीज. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरला डाकनेट प्रकल्पवाल्यांनी सरकारी बसवर वायफाय बसवून गावातल्या किऑस्कचा (कॉम्प्युटर केंद्राचा) डेटा तालुक्याला नेला, तो हाच कॅरी, बस चालली की डेटा चालला.

डीटीएनच्या राउटिंगबद्दल थोडक्यात, २००० सालचं एपिडेमिक राउटिंग भेटेल त्याला कॉपी देतं, डेमोला झकास, पण गर्दीत सगळ्यांची स्टोरेज भरून टाकतं. मला २००५ चं स्प्रे अँड वेट आवडतं, कॉपी ठरलेल्या तेवढ्याच, मग वाट बघा.

आणि रिपोर्टमधले ते मॅनेट-डीटीएन तुलनेचे ग्राफ! सरासरी डिले (उशीर) फक्त पोचलेल्या पॅकेटवर काढतात, म्हणून विरळ नेटवर्कमध्येही मॅनेट फास्ट दिसतं, वाटेत मेलेली पॅकेट ग्राफमध्ये येतच नाहीत. आधी पोचली किती ते छापा, डिलेचं मग बघू.