विरोधी खासदार आणि संरक्षणखर्च : एक खुलासा

संरक्षणाच्या पैशाला विरोधी खासदाराचा हात लागत नाही, असा समज पुलगाव-भद्रावतीकडच्या पारांवर वर्षानुवर्षे फिरतो. दारूगोळा भांडार आणि आयुध निर्माणी शेजारीच असल्याने तो पटतोही. प्रत्यक्षात, सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या ज्या लोकलेखा समितीपुढे महालेखापरीक्षकांचे संरक्षणासह रेल्वे-टपालासारख्या सेवांवरचे अहवाल येतात, तिचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधकांकडे असते. मंत्र्याला तर तिचे सदस्यही होता येत नाही. मंत्रालयाने संसदेकडे मांडलेल्या खर्चाच्या मागणीत १०० रुपयांची नाममात्र कपात सुचवून एखाद्या तक्रारीवर सभागृहात चर्चा मागण्याची सोयही आहे. अर्थात बहुतेक मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात, हा भाग निराळा. समितीची तपासणी पैसा खर्च झाल्यावरची असते आणि शिफारशी बंधनकारक नसतात, मात्र त्यांवर काय कार्यवाही केली हे सरकारला लेखी कळवावे लागते.