टूल बदललं म्हणजे लांबी बदलली असं नाही

सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनच्या प्रोग्रॅममध्ये 'एम०६ दिलं की नवं टूलही येतं आणि त्याची लांबीही मशीन आपोआप धरतं,' हे वाक्य शॉपमध्ये नव्या ऑपरेटरला हमखास ऐकवलं जातं. फानुक पद्धतीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) चालणाऱ्या मिलिंग मशीनवर ते सरसकट खरं मानणं महागात पडतं.

तिथे कामं तीन आहेत. टी०५ फक्त टूल निवडतं. यांत्रिक हाताने (आर्म) अदलाबदल करणाऱ्या एटीसीवर, म्हणजे आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेवर, हे आधीचं टूल कापत असतानाच उरकतं, त्यामुळे वेळ वाचतो. एम०६ प्रत्यक्ष अदलाबदल करतं. लांबी मात्र लागते जी४३ एच०५ ने; एच०५ म्हणजे टूलच्या लांब्यांच्या तक्त्यातली पाच नंबरची नोंद. ती ओळ विसरलात आणि मागच्या टूलचा ऑफसेट (नोंदवलेली लांबी) तसाच चालू राहिला तर? मागचं टूल ८० मिमी, नवं १२० मिमी. मग टोक ठरल्यापेक्षा ४० मिमी खाली जाणार, म्हणजे थेट जॉबमध्ये किंवा तो पकडणाऱ्या वाइसमध्ये. आणि एच०५ च्या जागी चुकून एच०४ टाईप झालं, तरी बहुतेक वेळा अलार्म येत नाही!

हा गैरसमज बहुधा लेथवरून आला असावा. तिथे टी०५०५ एवढ्यातच टरेट (टूल बसवलेला फिरता भाग) फिरतो आणि ऑफसेटही लागतो. शिवाय हायडेनहाइनच्या कंट्रोलवर 'टूल कॉल' ही आज्ञा लांबी स्वतःच हिशोबात घेतो. सीमेन्सवर टूल बदलल्यावर सहसा डी१ (त्या टूलचा पहिला ऑफसेट) आपोआप चालू होतं, पण ते मशीनच्या सेटिंगवर ठरतं. त्यामुळे दुसऱ्या कंट्रोलवरून आलेला अनुभवी माणूसही इथे फसतो.

पहिल्यांदा चालवताना सिंगल ब्लॉक (एकेक ओळ थांबून चालवणं) लावा, रॅपिड (न कापता हलण्याचा वेग) कमी ठेवा आणि झेड उतरताना 'उरलेलं अंतर' वाचा.