आई-वडील नसलेल्या मुलाच्या आयईपीवर सही कोणाची?

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत एखादं मूल स्वमग्न आहे किंवा वाचनात मागे पडतं, तिथे ‘आयईपी’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर, तो त्या एका मुलासाठी शाळेने लिहून दिलेला विशेष शिक्षणाचा आराखडा. वर्षातून निदान एकदा शाळेत बैठक होते. वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, चाचण्यांचे निकाल समजावून सांगणारं कुणीतरी आणि शाळांच्या खर्चाचा निर्णय घेऊ शकणारा शाळांच्या जिल्ह्याचा, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचा, प्रतिनिधी असे सगळे टेबलाच्या एका बाजूला बसतात. दुसऱ्या बाजूला आई-वडील. स्पीच थेरपी आठवड्याला किती मिनिटं, मदतनीस मिळणार का, मूल नेहमीच्या वर्गात किती वेळ बसणार, हे तिथेच ठरतं. न पटलं तर पालक सही अडवू शकतात, बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागू शकतात, सुनावणीला जाऊ शकतात आणि तिथेही समाधान झालं नाही तर थेट कोर्टात.

हे हक्क देणाऱ्या केंद्रीय कायद्याखाली विशेष शिक्षण घेणारी सुमारे ७५ लाख मुलं येतात. प्रत्येकाच्या आराखड्यावर नजर ठेवणारा कुणी सरकारी निरीक्षक नाही. ते काम कायद्याने पालकांवर सोपवलं आहे. मग ज्याचे आई-वडील सापडतच नाहीत, ज्यांचे हक्क कोर्टाने काढून घेतले आहेत किंवा जे मूल सरकारच्या ताब्यात एखाद्या संस्थेत वाढतं आहे, त्याच्या बाजूची खुर्ची रिकामीच राहते. त्या खुर्चीवर बसवण्यासाठी नेमलेली व्यक्ती म्हणजे ‘सरोगेट पालक’. मुलाचा ताबा, औषधपाणी, पैसाअडका यांत तिला काडीचाही अधिकार नसतो. तिचा संबंध फक्त शिक्षणाशी.

ही नेमणूक कुठून आली हे पाहायचं तर १९७१च्या वॉशिंग्टनमध्ये जावं लागतं. ‘मिल्स विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा खटला अमेरिकेतल्या अपंग मुलांच्या शिक्षणहक्काचा एक पाया मानला जातो. सात मुलांच्या वतीने तो दाखल झाला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो मुलगा बारा वर्षांचा, कृष्णवर्णीय, चौथीतला. वर्गात वागणूक बरी नाही म्हणून त्याला शाळेतून काढलं होतं आणि त्याची बाजू धडपणे ऐकूनही घेतली नव्हती. खटल्याच्या चर्चेत एक तपशील बऱ्याचदा मागे पडतो. हा मुलगा ‘ज्युनियर व्हिलेज’ नावाच्या सरकारी अनाथालयवजा संस्थेत राहत होता आणि कायद्याने त्याचं पालकत्व वॉशिंग्टनच्या प्रशासनाकडे होतं. म्हणजे पालक प्रशासनच आणि शाळेतून हाकलणारंही प्रशासनच. दाद मागायची कुणी कुणाकडे?

शहरात विशेष शिक्षणाची गरज असलेली अंदाजे २२,००० मुलं आणि त्यांतल्या जवळपास १८,००० मुलांना ते मिळत नाही, असे आकडे त्या खटल्यात पुढे आले. पैसे नाहीत, असं प्रशासनाने सांगितलं. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी ऑगस्ट १९७२मध्ये निकाल दिला, त्याचा सारांश असा की पैसा कमी असेल तर त्याची झळ सगळ्यांनी सारखी सोसावी, ती अपंग मुलांच्याच माथी मारता येणार नाही. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातही अशाच एका खटल्यात तडजोडीचा हुकूमनामा झाला. या दोन निकालांनी सुनावणीचा आणि आधी नोटीस मिळण्याचा हक्क पक्का केला. ज्युनियर व्हिलेज १९७३मध्ये बंद झालं.

सरोगेट पालकाची कल्पना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रथम १९७४च्या शिक्षणविषयक दुरुस्त्यांमध्ये घातली आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात, म्हणजे वर सांगितलेल्या कायद्याच्या मूळ रूपात, ती कायम झाली. देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुलं आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं तर सरकारी शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत, असं त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच नोंदवलं होतं. फोर्ड यांनी सही केली, पण हा कायदा झेपेल त्याहून जास्त वचनं देतो अशी कुरकुरही केली. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. जादा खर्चातला ४० टक्के वाटा केंद्राने उचलण्याचा वायदा आजतागायत पुरा झालेला नाही.

आपल्या विषयापुरतं या कायद्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य मात्र कंसात टाकलेलं होतं. सरोगेट म्हणून नेमलेली व्यक्ती मुलाच्या शिक्षणाशी किंवा सांभाळाशी संबंधित सरकारी खात्याची नोकर असता कामा नये. वरवर पाहता ही साधी प्रशासकीय अट वाटेल. पण संस्थेतल्या मुलाचा हिशोब मांडून पाहा. संस्थेच्या अधीक्षकाला मुलाची रोजची माहिती असते, शाळेशी त्याचं रोजचं बोलणं असतं, सही घ्यायला तोच सगळ्यांत सोयीचा. आणि त्याच कारणाने तो सगळ्यांत अडचणीचाही. मुलाला बाहेरच्या नेहमीच्या शाळेत पाठवायचं की आवारातल्याच वर्गात बसवायचं, हा प्रश्न आला की त्याला आपली माणसं, आपली गाडी, आपलं बजेट आठवणार. त्याच्या हाती पालकाची सही दिली तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच मालक बसला असं होतं. १९७७च्या नियमांनी हे आणखी स्पष्ट केलं. सरोगेटचे हितसंबंध मुलाच्या हिताच्या आड येता कामा नयेत आणि मुलाची बाजू मांडण्याइतकं ज्ञान आणि कौशल्य तिच्याकडे हवं. या कामासाठी मानधन दिलं तर तेवढ्यावरून ती नोकर ठरत नाही, हेही तिथेच सांगितलं. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा ही अटच आहे. बाकीचं बरंचसं कारकुनी काम.

माणसं कुठून आणायची हे मात्र राज्यांवर सोडलं आणि प्रत्येकाने आपापली वाट काढली. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स इथे राज्य पातळीवर सरोगेट नेमायची व्यवस्था उभी राहिली. बऱ्याच ठिकाणी ही जबाबदारी शाळांच्या जिल्ह्यांकडेच राहिली. म्हणजे ज्याच्याशी वाद घालायचा त्यानेच वाद घालणारा शोधून आणायचा. जिल्ह्याला कटकटी माणूस आवडणार नाही, हे उघडच आहे. कॅलिफोर्नियात बालन्यायालयातला जज शैक्षणिक निर्णयांचा अधिकार कोणाकडे राहील हे ठरवतो; त्यासाठीचा ‘जेव्ही-५३५’ हा फॉर्म तिथल्या वकिलांच्या आणि समाजसेवकांच्या रोजच्या वापरातला. १९७७मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी कोर्टात अशा मुलांची बाजू मांडायला स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. ती चळवळ ‘कासा’ नावाने देशभर पसरली आणि पुढे त्यांतल्या काही स्वयंसेवकांकडे शिक्षणाची सहीही आली.

सगळ्यांत लांबलेला घोळ फॉस्टर पालकांचा, म्हणजे सरकारच्या ताब्यातलं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्यांचा. मूल ज्या घरात जेवतं, झोपतं, गृहपाठ करतं, त्या घरातली बाई त्याच्या आयईपीवर सही करू शकते की नाही? मूल ज्यांच्याजवळ राहतं ती आजी किंवा सावत्र वडील पालकाच्या व्याख्येत बसत होते. सरकार बसत नाही, हेही पक्कं होतं. फॉस्टर पालक या दोहोंच्या मध्ये लटकले. घर त्यांचं, पण पैसे सरकारकडून मिळणारे. १९९९च्या नियमांनी दीर्घकाळचं नातं असेल तर राज्यांना त्यांना पालक मानण्याची मुभा दिली. २००४च्या दुरुस्तीने, राज्याच्या कायद्याची आडकाठी नसेल तर, त्यांना सरळ व्याख्येतच घेतलं. जन्मदाते आई-वडील पुढे आले आणि त्यांचा हक्क कोर्टाने काढलेला नसेल, तर आधी मान त्यांचाच. या बदलानंतर सरोगेटची गरज मुख्यतः ग्रूप होममध्ये, निवासी संस्थांत आणि बालसुधारगृहांत असलेल्या मुलांपुरती उरली.

२००४मध्ये आणखी तीन गोष्टी झाल्या. सरकारच्या ताब्यातल्या मुलासाठी जज स्वतः सरोगेट नेमू शकेल असं ठरलं. गरज असल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नेमणूक व्हावी यासाठी वाजवी प्रयत्न करायची मुदत आली. आणि घर सोडून एकट्या राहणाऱ्या बेघर मुलांचाही यात समावेश झाला. या मुलांसाठी २००६च्या नियमांत एक सवलत आहे. कायमचा सरोगेट मिळेपर्यंत निवारागृहातला कर्मचारी तात्पुरता सरोगेट होऊ शकतो. कंसातल्या त्या अटीला मुद्दाम पाडलेलं हे भोक. रात्री निवाऱ्याला आलेली पोरगी महिन्याभरात तिथून निघूनही गेलेली असेल, म्हणून वेगापुढे स्वायत्ततेने माघार घेतली. मला हा सौदा पटतो, पण तो सौदा आहे हे विसरू नये.

जानेवारी २०१३मध्ये आलेल्या आणखी एका कायद्याने बालकल्याण खात्याच्या समाजसेवकाला मुलाच्या शाळेच्या नोंदी पालकांच्या परवानगीशिवाय पाहता येऊ लागल्या. फाइल त्याच्या हातात आली, सही आली नाही. ते बरोबरच झालं.

मूल कायद्याने सज्ञान होतं तेव्हा, म्हणजे बहुतेक राज्यांत १८व्या वर्षी, शिक्षणाचे हक्क राज्याने तशी तरतूद केली असेल तर त्याच्याच नावावर जातात. मात्र आयईपी २१व्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. ज्यांना स्वतः समजून-उमजून संमती देता येत नाही, पण कोर्टाने अक्षम ठरवलेलंही नाही, अशा तरुणांसाठी आई-वडिलांना आणि ते नसतील तर ‘दुसऱ्या योग्य व्यक्तीला’ नेमण्याची पद्धत राज्याने ठरवावी, असं कायदा म्हणतो. ती व्यक्ती सरकारी नोकर नसावी, ही अट त्या वाक्यात नाही.