अभिव्यक्तिसंहिता, विद्यापीठीय (वडोदरा)

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आवारात काय बोलावे, लिहावे, रंगवावे, भिंतीवर चिकटवावे आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या नियमांना अभिव्यक्तिसंहिता म्हणतात. भारतातल्या विद्यापीठांत या नावाचे पुस्तक सहसा नसते. तो मजकूर ‘शिस्त’ या मथळ्याखाली विखुरलेला असतो: अध्यादेशातले एखादे कलम, प्रवेशाच्या वेळी पालकांच्या सहीसकट घेतलेले हमीपत्र, नोटीस बोर्डावरचे परिपत्रक. शब्दही ठरलेले: बेशिस्त, गैरवर्तन, संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा. त्यांची व्याख्या बहुधा दिलेली नसते. ती प्रकरण घडल्यावर, ज्याच्या हाती कारवाई असते तो करतो.

वडोदऱ्याचे (मराठी घरांत अजूनही ‘बडोद्याचे’) उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी कुटुंबांना तर ते घरचेच आहे, कारण शहरातल्या शिक्षणाचा पाया सयाजीराव गायकवाडांनी (१८६३–१९३९) घातला. बडोदा कॉलेज १८८१ सालचे. अरविंद घोष तिथे शिकवत होते. शिक्षणसंस्थेच्या बोलण्यावर बाहेरून दाब येण्याचा अनुभवही या शहराला जुना आहे. केशवराव देशपांड्यांच्या प्रेरणेने निघालेल्या गंगनाथ विद्यालयात १९१० च्या सुमारास कालेलकर नावाचे तरुण शिक्षक आले. तिथे शिक्षकांना नात्याने हाक मारायची पद्धत होती. कालेलकर ‘काका’ झाले, फडके ‘मामा’ झाले. शाळेचा राष्ट्रीय बाणा इंग्रज सरकारला खुपला आणि दोन-एक वर्षांत ती बंद झाली. शाळा गेली, काकासाहेब हे नाव मात्र जन्मभर राहिले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवाधिकार जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणाऱ्या शब्दाच्या जागी ‘सर्व मानव’ असे पद यावे म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच. शब्दाने कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ललितकला शाखा सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्यांनी तिला देशभर नाव मिळवून दिले.

या शाखेत परीक्षेची एक रीत आहे, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. वर्षभराचे काम विद्यार्थी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वर्गाच्या भिंतींवर, व्हरांड्यात, अंगणात लावतो. परीक्षक एकेकासमोर थांबून प्रश्न विचारतात, गुण देतात. याला सगळे ‘डिस्प्ले’ म्हणतात. म्हणजे इथे उत्तरपत्रिका भिंतीवर टांगलेली असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पेपरात काय लिहिले ते परीक्षकाशिवाय कोणी वाचत नाही. चित्रकाराची उत्तरपत्रिका जाणाऱ्या-येणाऱ्यालाही दिसते. तिच्याकडे परीक्षेचे काम म्हणून पाहायचे की जाहीर प्रदर्शन म्हणून, याचे उत्तर बदलले की लागू होणारा नियमही बदलतो.

९ मे २००७ रोजी परीक्षा चालू असतानाच विश्व हिंदू परिषदेशी संबंधित कार्यकर्ते आवारात शिरले. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या कामातील देवीच्या आणि ख्रिस्ताच्या प्रतिमांवर त्यांचा आक्षेप होता. ख्रिस्ती गटांकडूनही तक्रार आली. पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली. दंडविधानाची १५३अ (गटागटांत वैर पसरवणे) आणि २९५अ (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे) ही कलमे लागली आणि जामीन मिळेपर्यंत त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. बाहेरून घुसलेल्यांविरुद्ध विद्यापीठाने फिर्याद द्यावी, ही विद्यार्थी-अध्यापकांची मागणी मान्य झाली नाही.

विद्यार्थ्यांचे उत्तर घोषणांपुरते राहिले नाही. कलेतिहास विभागात शिकवण्यासाठी जमवलेल्या संग्रहातून त्यांनी प्राचीन शिल्पे आणि चित्रे यांच्या प्रतिकृती काढल्या, त्यांत शृंगारिक प्रतिमा भरपूर, आणि त्या विभागातच मांडल्या. अभ्यासक्रमातलीच चित्रे, फक्त कपाटातून भिंतीवर आलेली. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना हे प्रदर्शन बंद करायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना निलंबित करण्यात आले आणि संग्रहाला सील ठोकले गेले. देशभर कलावंतांनी निषेध नोंदवला. चित्र चांगले होते की वाईट, यावर त्या काळात पुष्कळ शाई खर्च झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रश्न परीक्षकाचा होता, आणि परीक्षकाला तो सोडवूच दिला गेला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद १९(१)(अ) विद्यार्थ्यालाही लागू आहे. १९(२) मधली बंधने मोजकी आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी इत्यादी. ‘संस्थेची प्रतिमा’ त्यांत नाही. महत्त्वाचा निकाल शाळेतला आहे. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले होते. ती उभी मात्र आदराने राहत. बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांना कायद्याचा आधार नाही, त्यांच्या बळावर हे स्वातंत्र्य आवळता येत नाही. मूलभूत हक्कांचे हे संरक्षण मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असल्याने खासगी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ते तितक्या सहज मिळत नाही.

लेखी संहिता असली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस वर्णद्वेषी टोमणे आणि पत्रके यांना आळा घालण्यासाठी अनेक विद्यापीठांनी अशा संहिता केल्या. हेतू खोटा नव्हता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा छळ खरा होता. मिशिगन विद्यापीठाची १९८८ ची संहिता पुढच्याच वर्षी न्यायालयात गेली. मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला भीती होती की स्त्री-पुरुषांतील जैविक फरकांबद्दलचे सिद्धांत वर्गात मांडले तरी आपल्यावर कारवाई होईल. नुसते बोचणारे बोलणे आणि बंदी घातलेले बोलणे यांत फरक कसा करणार, असे विचारल्यावर विद्यापीठाच्या वकिलांनी उत्तर दिले, ‘फार जपून’. संहिता अति व्यापक आणि संदिग्ध ठरून रद्द झाली. आपल्याकडच्या ‘प्रतिष्ठेला बाधा’ या शब्दांवर हाच प्रश्न विचारला, तर उत्तर याहून नेमके येईल असे वाटत नाही.

वडोदऱ्यातले प्रकरण मिटले नाही. त्या विद्यार्थ्याची पदवी अडकून राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात आग लागली, आणि ती लावल्याच्या आरोपावरून त्याच माजी विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच महिन्यात त्याच शहरात ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी अभिव्यक्तीच्या गळचेपीबद्दल बोलताना राज्यकर्त्यांना ‘राजा, तू चुकतो आहेस’ असे सुनावले, आणि मंडपात बसलेल्या बडोदेकरांना तो राजा दूरचा वाटण्याचे कारण नव्हते.

मे २०२२ मध्ये पुन्हा डिस्प्लेचेच दिवस. एका विद्यार्थ्याने बलात्काराच्या बातम्यांची वर्तमानपत्री कात्रणे वापरून देवतांच्या आकृती केल्या होत्या. त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले, आंदोलने झाली, चौकशी समिती नेमली गेली आणि विद्यार्थ्याला काढून टाकण्यात आले. पंधरा वर्षांत एक गोष्ट बदलली होती: आवारात कोणी शिरण्याआधीच चित्र फोनवरून बाहेर पोचले होते.

गुजरात सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०२३ लागू झाल्यावर १९४९ चा मूळ कायदा आणि त्यासोबत सेनेट (विद्यापीठाची सभा) आणि सिंडिकेट (कार्यकारी मंडळ) यांची जुनी रचना गेली. एखाद्या निलंबनाबद्दल सेनेटमध्ये उभे राहून कुलगुरूंना प्रश्न विचारायची जागा आता तिथे उरलेली नाही.