मिक्स्ड मीडिया वेगळं, वेगवेगळ्या मीडियमचा ग्रुप शो वेगळा

समर ग्रुप शो, म्हणजे उन्हाळ्यात बऱ्याच कलाकारांची कामं एकत्र मांडलेलं प्रदर्शन, बघून आलेलं कुणीतरी हमखास म्हणतं "भारी मिक्स्ड मीडिया शो होता", आणि विचारलं तर कळतं की एका भिंतीवर ऑइल पेंटिंग्ज, पलीकडे फोटो, मधे ब्राँझचं शिल्प आणि कोपऱ्यात व्हिडिओ चालू. अहो मग ते मिक्स्ड मीडिया कुठे झालं, त्यातलं एकेक काम तर आपापल्या माध्यमातच आहे, मिसळ झालीये ती फक्त हॉलमध्ये!

मिक्स्ड मीडिया म्हणजे एकाच कामात वेगवेगळी माध्यमं एकत्र येणं. पिकासोचं १९१२ सालचं वेताच्या खुर्चीवालं स्टिल लाइफ (वस्तूंचं चित्र) बघा. ऑइल पेंट आहेच, पण वेताची वीण त्याने रंगवलेलीच नाही, तसा छाप असलेला ऑइलक्लॉथचा (मेणकापडाचा) तुकडा सरळ चिकटवून दिलाय आणि कडेने फ्रेमसारखी दोरी फिरवलीये, म्हणजे वेत खोटा, दोरी खरी, आणि सगळी मजा या खऱ्याखोट्यात असल्यामुळे एक जरी वस्तू काढली तरी ते चित्र उरत नाही. अमेरिकन कलाकार राउशेनबर्गचं 'मोनोग्राम' (१९५५-५९) तर कहर आहे, पेंढा भरलेली अंगोरा बकरी, पोटाभोवती टायर, पायाखाली रंगवलेलं पॅनल. चित्र म्हणायचं का शिल्प? त्याने असल्या कामांना 'कम्बाइन' म्हणायला सुरुवात केली, विषय संपला.

ग्रुप शोमधून एक काम उचललं तर शेजारचं काम जसंच्या तसं राहतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशन १७६९ पासून दरवर्षी भरतंय, त्यात चित्रं, प्रिंट्स, शिल्पं, फोटो, आर्किटेक्चरची मॉडेल्स सगळं दाटीवाटीने असतं, पण एकाचं दुसऱ्याशी नातं असेलच असं नाही, ते कुठलं काम कशाशेजारी लावलंय त्यावर ठरतं. (मोठ्या आवाजाच्या व्हिडिओशेजारी बारीक पेन्सिल ड्रॉइंग लावणाऱ्यांना काय म्हणावं!)

आता घोळ का होतो, तर अशा शोमध्ये एखाददुसरं मिक्स्ड मीडिया काम असतंच आणि तो शब्द अख्ख्या शोला चिकटतो. मल्टिमीडिया म्हणजे साउंड, व्हिडिओ वगैरे एकत्र, ते अजून तिसरंच.

कामाशेजारचं लेबल वाचलं की बहुतेक वेळा कळतं, पण काही जण "मिक्स्ड मीडिया ऑन कॅनव्हास" एवढंच लिहून मोकळे होतात, मग कॅनव्हासला नाक लावून आपणच शोधायचं की हा दोरा आहे, वाळू आहे का नुसता जाड अ‍ॅक्रिलिक रंग.