गाता गाता ऐकायला लावणारे स्तोत्र: ९५व्या स्तोत्रामागचा इतिहास

‘आमचा मुलगा ऐकत नाही’ अशी तक्रार आई करते, तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असे कुणी समजत नाही. मराठीत ऐकणे म्हणजे मानणेही. हिब्रूतल्या ‘शामा’ या क्रियापदाचे नेमके असेच आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, हिब्रू विसरले, तरी त्यांच्यात ‘शमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’, हे शब्द टिकून राहिले, असे त्यांची परंपरा सांगते. ते शब्द मोशेच्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातले, स्तोत्रांतले नव्हेत. पण स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या ग्रंथातल्या, स्तुतीचा आज्ञापालनाशी काय संबंध, हे समजायला सुरुवात याच क्रियापदापासून करावी लागते.

९५व्या स्तोत्रात एकामागून एक तीन हाका येतात. पहिली, या, जयघोष करू. दुसरी, या, गुडघे टेकू, दंडवत घालू. उपासनेसाठी इथे आलेला हिब्रू शब्द मनातल्या भावाचा नाही, अंग जमिनीला टेकवण्याचा आहे. इथवर सगळे उत्सवाला साजेसे चालले आहे. मग एकदम सूर पालटतो आणि तिसरी हाक येते, आज त्याची वाणी ऐकाल तर; आणि देव स्वतः बोलू लागतो: मरीबात केलेत तशी मने कठीण करू नका. मरीबा म्हणजे तंटा. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले लोक रानात पाण्यावाचून मोशेशी भांडले, ती ही जागा. चाळीस वर्षांचा कंटाळा बोलून दाखवून स्तोत्र थांबते. शेवटी ना आशीर्वाद, ना हालेलूया.

हा काही अपघात नव्हे. ८१वे स्तोत्रही डफ, वीणा आणि रणशिंग घेऊन सुरू होते आणि ‘माझ्या लोकांनी माझे ऐकले असते तर’ या हळहळीपर्यंत येऊन पोचते. ही गाणी सणात म्हटली जात असावीत आणि मधला देवाचा शब्द मंदिरातला एखादा सेवक उच्चारत असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. यरुशलेमच्या मंदिरात यज्ञ आणि गायन बरोबरीने चालत. मंदिरसेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या गायकवर्गांची नावे स्तोत्रांच्या मथळ्यांत अजून आहेत: आसाफ, कोरहाचे पुत्र. कित्येक मथळ्यांत ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचनाही आहे. स्तोत्रे आधी गायची आणि नंतर वाचायची झाली, याचा हा धडधडीत पुरावा.

यज्ञ केला म्हणजे देवाचे देणे फिटले, ही समजूत मात्र स्तोत्रकर्त्यांना मंजूर नव्हती. ५०व्या स्तोत्रात देव जवळजवळ उपहासाने म्हणतो, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, सारे जग माझेच आहे. ४०व्यात कवी म्हणतो, तुला यज्ञ नको होता, तू माझे कान उघडलेस. पुन्हा कानच.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले आणि हा वाद निराळ्याच वळणावर आला. आता वेदीच उरली नव्हती. ५१व्या स्तोत्रात या काळाची खूण दिसते. ‘भग्न हृदय हाच यज्ञ’ म्हणून कवी थांबतो आणि लगेच पुढच्या दोन ओळी यरुशलेमचे कोट बांधायची विनंती करतात, मग तुला गोऱ्हे अर्पण होतील असे म्हणतात. या ओळी मागाहून जोडल्या असाव्यात, असे अनेकांचे मत आहे. मलाही ते पटते. आधीच्या ओळींच्या धारेला कुणीतरी घाबरले, असेच वाचताना वाटते.

इ.स.पू. ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर उभे राहिले आणि गायन पुन्हा सुरू झाले. पुढे १५० स्तोत्रांची पाच पुस्तके जुळली, मोशेच्या पाच ग्रंथांसारखी. ग्रंथाला नाव ‘तहिल्लीम’ म्हणजे स्तवने, पण दारात उभे आहे ते पहिले स्तोत्र, आणि त्यात स्तुतीचा शब्दही नाही. रात्रंदिवस नियमशास्त्राचे, म्हणजे देवाच्या आज्ञांचे, मनन करणारा माणूस मात्र आहे. सर्वांत लांब ११९वे स्तोत्रही नियमशास्त्राचेच: २२ अक्षरे, प्रत्येकी आठ ओळी, एकूण १७६. खरे सांगायचे तर सलग वाचताना दम लागतो. निखळ स्तुतीचे १५०वे मात्र अगदी शेवटी येते. संपादकांनी वाट आखली ती अशी: आधी ऐका, मग गा.

९५व्या स्तोत्राचा प्रवास पुढेही चालू राहिला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमाने मठांतल्या रात्रीच्या प्रार्थनेत ते रोज आरंभी म्हणायला लावले. सोळाव्या शतकात गालीलातल्या सफेद गावच्या यहुदी गूढवाद्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, स्वागताची सुरुवात त्याच्यापासून केली. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने मात्र १७८९ च्या प्रार्थनापुस्तकात या स्तोत्राचा मरीबाचा भाग गाळला आणि त्या जागी ९६व्या स्तोत्रातल्या गोड ओळी बसवल्या. सकाळच्या उपासनेत गाणे राहिले, दंडवत राहिला. १९७९ च्या आवृत्तीत आधुनिक भाषेतल्या विधीतून त्या जोडओळी निघाल्या आणि तिथे हे गीत ‘आज त्याची वाणी ऐकाल तर’ या अर्थाच्या ओळीवर येऊन थांबू लागले.